अकराव्या फोटोतली मुलगी

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी नेहमी टिंगलच केलीय. लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पाण्यात प्रकाशाचं काय होतं, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. तरी हे माझ्यासोबत झालं...

भूकंपात माझी शोभाताई गेली. ती चौदाची, मी पाचचा. तिचे फोटोही घराखालीच राहिले. मला तिचा चेहरा आठवत नाही. गाव नंतर दुसरीकडे वसवलं. जुन्या गावठाणात बाभळी आणि पायऱ्यांची विहीर उरली. ताई तिथंच पोहायला शिकली होती.

पाण्याखालच्या फोटोंचा नाद मला नांदेडच्या मित्रानं, सलीमनं लावला. सहा-सात वर्षांपूर्वी, जानेवारीत, पाणी नितळ असताना तो कॅमेरा अन् त्याचा वॉटरप्रूफ डबा घेऊन आला. आम्ही नव्या गावात काकांकडे उतरलो. आईही सोबत होती.

"रॉ ठेवू का जेपीईजी?" विहिरीवर मी विचारलं.

"रॉ. पाण्यात लाल रंग मरतो, सगळं हिरवं येतं. रॉमध्ये सेन्सरवर पडलेलं सगळं राहतं, नंतर दुरुस्त करता येतं. जेपीईजी कॅमेराच बनवून देतो, बाकीचं फेकून देतो. पण आज दोन्ही ठेव, फरक कळंल."

दुपारी काकांकडे लॅपटॉपवर फोटो उघडले. झिजलेल्या पायऱ्या, शेवाळ. अकराव्या फोटोच्या जेपीईजीत मात्र पाण्याखालच्या पायरीवर एक मुलगी बसलेली... दोन वेण्या, डावी सुटलेली, चेहरा अर्धा अंधारात. त्याच फोटोच्या रॉमध्ये नुसती पायरी!

"असं होतच न्हाई यार," सलीम म्हणाला. "एकाच क्लिकच्या दोन फाइली. रॉमधूनच जेपीईजी बनतो. मग ही आली कुठून?"

आईनं चष्मा पुसला, जवळ आली. "शोभी हाय. तिची डावी वेणी कधी राहिलीच न्हाई." आणि स्क्रीनवर हात ठेवून बसून राहिली.

मी काय करत होतो? शटर स्पीड बघत होतो, फोकस बघत होतो. चेहरा काळोखात गेलाय, जेपीईजीत तो नीट उजळणार नाही, रॉमध्ये सापडली तर स्पष्ट काढता येईल... डोक्यात एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत विहिरीकडं निघालो तर आई म्हणाली, "नको जाऊ रे. दिसली तेवढी लई झाली."

सलीमही म्हणाला, "जायचंच तर जेपीईजी ठेव. जिथं दिसली तिथंच बघ."

मी कुणाचंच ऐकलं नाही. कार्ड भरेपर्यंत नुसते रॉ काढले. एकातही ती नव्हती.

परत आलो तर आई लॅपटॉपसमोर तशीच बसलेली. स्क्रीनवर अकरावा फोटो, कालचाच जेपीईजी. त्यातही आता नुसती पायरी.

"तू पाण्यात उतरला असशील तवाच," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत उठून गेली."

फाइलवर तारीख-वेळ कालचीच होती. लॅपटॉपला आईशिवाय कुणी हात लावला नव्हता, आणि आईला तर माऊससुद्धा धरता येत नव्हता.

पुढची दोन वर्षं मी दर जानेवारीत गेलो. रॉ काढले, जेपीईजी काढले. काही नाही. मग विहीर आटली, आणि त्याच वर्षी आईही गेली.

सलीमकडं कारण नाही, माझ्याकडंही नाही. कुणाकडं असेल तर सांगा. पण ताई फोटोतून उठून गेली त्या दिवशी आईनं मला विचारलं होतं, "तू पण तिला डोळे भरून पाहिलंस ना?"

मी मान हलवून हो म्हटलं.