फलकावर मिळालेली डॉक्टरेट

अन्याय पद्मजा दासरीवर झाला. कधी, तेही सांगतो, कारण शोकसभेत जो तो 'नियतीने' म्हणत होता आणि नियतीला कुणी वार-वेळ विचारत नाही. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, त्या सोमवारी, दुपारचा चहा यायच्या आधी, तिच्या मार्गदर्शकांनी तिचा पूर्ण झालेला प्रबंध टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला सरकवला आणि म्हणाले, "ठेवून जा, बघू." सही एका पानावर हवी होती. पेन सरांच्या खिशालाच होतं. ती प्रबंध ठेवून आली... आणि या पावसाळ्यात डेंग्यूने गेली. सरांनी तिला मारलं असं मी म्हणत नाही. ताप डासामुळे आला, एवढं मलाही कळतं. पण सोमवारपासून पावसाळ्यापर्यंत जी सही झाली नाही, ती काही डासाने अडवलेली नव्हती.

फोन आला तेव्हा मी होटगीला घरी होतो. ऐकलं, पण आत उतरलं नाही. आठवड्याने सात रस्त्यावर बसमधून उतरलो आणि समोर फलक. 'भावपूर्ण श्रद्धांजली. डॉ. पद्मजा नरसय्या दासरी.' ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा थोडा धूसर. खाली हात जोडलेले सर, तिच्यापेक्षा ठसठशीत. सोलापुरात फलकावर माणसाला काहीही होता येतं, कार्यसम्राट, भाग्यविधाता, युवकांचं आशास्थान. पद्माक्का डॉक्टर झाली. ज्या माणसाने हयातीत तिला ते एक अक्षर मिळू दिलं नाही, त्यानेच ते तिच्या नावाआधी छापलं आणि चौकात टांगलं.

तिची माझी ओळख इथूनच हाकेच्या अंतरावरच्या टायपिंगच्या दुकानात झाली. मी विडी कामगारांच्या मोर्चाचं पत्रक छापायला गेलो होतो. ती ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभी राहून हातातल्या कागदावर बोट ठेवून त्याच्याशी हुज्जत घालत होती. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, गणिताचं टायपिंग आमी करत न्हाय." ती म्हणाली, "गणितच आहे की. अडीच हजार वर्षं झाली, सुटेना." ते ग्रीक होतं. मग तिने माझं पत्रक मागून घेतलं, वाचलं आणि परत देत म्हणाली, "ए तम्मुडू, धिक्कार एकदा केला की पुरे. पाच वेळा केलास की लोकांना आरती वाटते." तम्मुडू म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मी तो झालो आणि माझी सगळी पत्रकं तिच्या नजरेखालून जाऊ लागली. हा लेख गेलेला नाही. त्यामुळे यात धिक्कार जास्त झाला असेल तर होऊ द्या.

पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटाला लागून तिचं घर. वडील मागावर, आई विड्या वळायची. ती कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायची आणि ग्रीक-लॅटिन परदेशातल्या एका निवृत्त बाईंकडून, संगणकावरून, शिकली. क्रियापदं ती मागापाशी बसून मोठ्याने पाठ करायची. म्हणायची, सोलापुरात ग्रीक बोलायला याहून चांगली जागा नाही, शेजारच्या माणसालाही ऐकू जात नाही. लिहायची मात्र आईच्या जुन्या सुपावर. विडीच्या पानांनी आणि तंबाखूने काळं पडलेलं ते सूप मांडीवर उलटं घ्यायचं, त्यावर कागद. टेबल घेऊ या का, मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "टेबलावर मला सुचत नाही रे. टेबलावर सर बसतात."

तिचा विषय काय होता, हे शोकसभेत एकाही वक्त्याला सांगता आलं नाही. म्हणून मी सांगतो. ग्रीक आणि रोमन घरांतल्या सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या दासी. रोमन घरात सकाळी दासीला लोकर तोलून द्यायचे. तेवढ्या लोकरीचं सूत संध्याकाळी तोलून परत घ्यायचे. त्या तोललेल्या कामाला लॅटिनमध्ये पेन्सुम म्हणतात. पद्माक्काला तो शब्द कोशात पाहावा लागला नाही. कारखान्यातून पान आणि तंबाखू तोलून आणणारी आई तिने जन्मापासून पाहिली होती. पान कुजकं निघालं तरी विड्या भरतीच्या भरती, म्हणजे ठरलेल्या तेवढ्याच, द्याव्या लागतात, आणि त्यातूनही तपासनीस मूठभर खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. त्याला छाट म्हणतात. जुने कवी त्या दासींना एका ओळीत उरकतात, आणि ती ओळ वाचणाऱ्या विद्वानांनी कधी कुणासाठी काही तोलून आणलेलं नसतं, असं तिचं म्हणणं. ती एकेक ओळ गोळा करून तिने प्रबंध उभा केला.

आता चौकोनांची गोष्ट. सर प्राचीन इतिहासाचे. ग्रीसला सहलीला जाऊन आलेले. पडक्या खांबाला टेकून काढलेला फोटो केबिनमध्ये लावलेला. एवढ्यावर जिल्ह्यात ते ग्रीकचे जाणकार ठरले, आणि दुसरा मार्गदर्शक नव्हताच. पद्माक्काने प्रबंधाचा पहिला कच्चा खर्डा पेनड्राइव्हवर त्या टायपिंगवाल्याला दिला. त्याच्या यंत्रात ग्रीक अक्षरांचा फॉन्ट नव्हता. त्यामुळे छापताना जिथे जिथे ग्रीक होतं तिथे तिथे रिकामे चौकोन उमटले, ओळीच्या ओळी. दुकानदाराने तशीच प्रत बांधली आणि परस्पर सरांच्या घरी पोचवली. तिने आपली प्रत उघडली तेव्हा तिला ते दिसलं. दुसरीकडून चांगली प्रत छापून घेतली, आणि सर आता फोन करून झापतील म्हणून वाट पाहत बसली. फोन आला नाही. उन्हाळा गेला. मग सरांनी प्रत परत दिली. वर त्यांच्या अक्षरात शेरा: 'वाचले. भाषा चांगली. ग्रीक उतारे अचूक आहेत, मात्र थोडे कमी करावेत.'

ती हे सांगताना इतकी हसली की आईने आतून येऊन पाहिलं. मी म्हणालो, हे मी पत्रकात छापतो. तिने कान धरला माझा. सही होऊ दे आधी, म्हणाली. आणि ती गप्प राहिलीच असती. पण नंतरच्या चर्चासत्रात बाहेरच्या पाहुण्यांसमोर सर म्हणाले की या मुलीचा प्रत्येक ग्रीक उतारा मी स्वतः मुळाशी ताडून पाहिलाय. ती उठली. माफ करा, पण त्या प्रतीत ग्रीक नव्हतंच, ते चौकोन होते, एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. मागच्या बाकांवरून हसू आलं. सर पण हसले. ते हसू मी पाहिलंय, मी मागच्याच बाकावर होतो.

तिथून छाट सुरू झाली. संदर्भांची पद्धत चुकली. प्रकरणांचा क्रम बदल. हा विषय अभिजात साहित्याचा नाहीच, कामगार कल्याणाचा आहे. प्रत्येक वेळी ती पान बदलून, भरती पुरी करून न्यायची आणि सर मूठभर बाजूला काढायचे. पूर्ण प्रबंध नेला, तर "ठेवून जा, बघू." मी म्हणायचो, घेराव घालू. ती म्हणायची, "घेराव घालून सही मिळेल, मौखिकी कोण घेईल? त्यांना त्याच खोलीत बसायचंय ना. मी ग्रीक बोलणार आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघणार. भीती त्याची आहे रे." शेवटची भेटली तेव्हाही तिला त्यांची कीवच येत होती. मला आली नाही. आजही येत नाही.

शोकसभेत सरांनी तिला दीपस्तंभ म्हटलं. अम्मा, म्हणजे तिची आई, माझ्या शेजारी बसली होती. सभा संपल्यावर हळूच म्हणाली, "सर डॉक्टर म्हणाले की रे. बोर्डावर पण हाय म्हणतात. म्हंजे झालं न्हवं का पोरीचं?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच ठाऊक नाही. अम्माला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहू शकतोय.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात फोन लावला. संशोधन विभागातल्या बाई सरळ बोलल्या: लिहिणारी हयात नाही म्हणून प्रबंध बाद होत नाही, मार्गदर्शकाची सही असलेली प्रत आणा, परीक्षकांकडे पाठवते. मी सरांकडे गेलो. प्रबंध त्याच टेबलाच्या त्याच कडेला होता, वर लग्नपत्रिका पडलेल्या. सर म्हणाले, "आता कशाला? गेलेल्या माणसाला पदवी घेऊन काय करायचंय?" मी म्हणालो, फलकावर तर तुम्हीच दिलीत. ते म्हणाले, "ती फ्लेक्सवाल्याची चूक."

परवा घरी गेलो होतो. अम्माचं विड्या वळणं सुटलं, बोटं आखडलीत. सूप मात्र भिंतीशी आहे, आता सुलटं. त्यात पद्माक्काकडची प्रबंधाची प्रत ठेवलीय, वर धुतलेला टॉवेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला अम्मा टॉवेल बाजूला करून दाखवते, आमच्या डॉक्टरचं पुस्तक म्हणून. अम्माला कुणी खरं सांगण्याआधी ते खरं व्हायला हवं.

कॉलेजचं नाव लिहायची माझी तयारी होती, संपादकांची नव्हती. हरकत नाही. सात रस्त्यावरच्या फलकावर ते मोठ्या अक्षरात आहे, तिथून घ्या. त्या फलकासमोर तुमच्यापैकी अनेकांनी गाडी हळू करून हात जोडलेत. आता ते हात सोडा. कॉलेजात जा, संशोधन केंद्राचं दार उघडा, टेबलावरच्या लग्नपत्रिका उचला आणि विचारा... सर, सही कधी करताय?