तात्यांचं सव्वीस खोक्यांचं रान

तात्या परचेस मॅनेजरच्या केबिनमध्ये कधी सरळ शिरले नाहीत. दारातून आत आले की भिंतीला पाठ लावून कडेकडेने सरकत ते टेबलापर्यंत पोचायचे. केबिन ऐसपैस, फरशी चकचकीत, मध्ये कसलाही अडथळा नाही. मी नवा होतो, म्हणून विचारलं. "मधी विहीर हाय," तात्या म्हणाले. विहीर बुजवून तिच्यावर ऑफिस बांधलं त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकचे क्रेट बनत. कारखाना ज्या जमिनीवर उभा होता ती तात्यांची. जमीन घेताना कंपनीने एका सातबाऱ्यामागे एक नोकरी देण्याचं कबूल केलं होतं. मुलगा ट्रकवर गेला, म्हणून पन्नाशीचे तात्या स्वतःच हजर झाले. जागा रिकामी होती ती फक्त कॉम्प्युटर विभागात, एका मदतनिसाची. त्या विभागाचा साहेब म्हणजे लातूरकडून आलेला मी, वय वर्षं तेवीस, आणि हाताखाली चौथी पास तात्या. कुणी कुणाला सांभाळायचं हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सुटला, आणि तो माझ्या बाजूने सुटला नाही.

त्याच वर्षी ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून सव्वीस थिन क्लायंट आले. पाठ्यपुस्तकाएवढी खोकी. त्यांत ना फायली ना प्रोग्रॅम. सगळं एका खोलीतल्या सर्व्हरमध्ये, आणि खोकं फक्त तिथलं इथे दाखवणार. हे मी ऑफिसातल्या लोकांना तीन वेळा समजावलं. तरी अकाउंट्सच्या हेडक्लार्कांनी आपलं रिकामं खोकं रोज कपाटात कुलपात ठेवायला सुरुवात केली, आणि ज्यात कंपनीचा जीव होता त्या सर्व्हरच्या खोलीत कँटीनवाला ओले टॉवेल वाळत घालू लागला, कारण तिथे वारा बरा लागे.

एकट्या तात्यांना एका फटक्यात कळलं. ते म्हणाले, "पानी हौदात, वाफे सव्वीस. वाफा कोरडा पडला तर पाट बघायचा. वाफा उकरत बसायचं न्हाई." स्क्रीन काळी पडली की मी खोकं उलटंपालटं करत बसे, आणि तात्या केबलमागे रांगत जाऊन कुणाच्या तरी खुर्चीच्या चाकाखाली दबलेली वायर सोडवून येत. दहातल्या नऊ वेळा पाटच फुटलेला असे. पुढे पुढे तर आमचा जनरल मॅनेजरही फोनवर "जरा पाट बघायला पाठवा" असं म्हणायचा.

आता नावांबद्दल. प्रत्येक खोक्याला सर्व्हरवर एक नाव द्यावं लागतं, म्हणजे कुठलं बंद पडलं ते कळतं. मी यादी उघडून बसलो होतो आणि तात्या एकेक खोकं खांद्यावरून नेऊन टेबलावर लावत होते. परत आले की कुठे ठेवलं ते सांगत. "ह्ये विहिरीत गेलं." "ह्ये चिंचंखाली." "ही दोन वरल्या खाचरात, आन् येक बांधाला." मला ऑफिसातली माणसं अजून ठाऊक नव्हती, कामाचा कंटाळा मात्र होता. ते सांगत गेले तसं मी टाइप करत गेलो. विहीर-१, चिंच-१, चिंच-२, वरलंखाचर, खालचंखाचर. असं करत संध्याकाळपर्यंत तात्यांचं अख्खं रान सर्व्हरवर चढलं.

घोटाळा असा झाला की प्रिंट काढली की कागदाच्या कोपऱ्यात खोक्याचं नाव छापून येई. ते कसं काढायचं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे कबूल करायचं माझं वय नव्हतं. त्यामुळे सप्लायरना विहिरीतून ऑर्डरी जाऊ लागल्या. फोनही तसेच येत. परचेस मॅनेजर स्वतः सांगायचे, "अहो, मी विहिरीतून बोलतोय, कुणीतरी या लवकर." हे सगळं लोकांनी हसत चालवून घेतलं. पण पर्सनल विभागाच्या मॅडम जिथे बसत तिथे पूर्वी तात्यांचा म्हशींचा गोठा होता, आणि मॅडमच्या सहीचं प्रत्येक पत्र 'म्हसगोठा' असा शिक्का घेऊन बाहेर पडत होतं. मॅडम पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या. तीन महिने त्यांनी सोसलं आणि मग हेड ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं की महिनाअखेर सगळ्या खोक्यांना नुसते नंबर द्यावेत.

मी तात्यांना हे चहा पिताना सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सातबाऱ्यावर कंपनीचं नाव. विहिरीवर फरशी. चिंच तर माज्यासमोर तोडली. ह्या तुमच्या यादीतच तेवढं रान ऱ्हायलंय, सायब." त्या क्षणापर्यंत मी ही गोष्ट गंमत म्हणून बघत होतो. त्यानंतर यादी पुसायचं मी आज-उद्या करत राहिलो.

तेवढ्यात दर्जाच्या प्रमाणपत्राची तपासणी आली. ऑडिटर टाय लावलेले, बारीक आवाजाचे, शंकेखोर. सर्व्हरवरची यादी बघून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे 'चिंच-दोन' दाखवा." मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नोकरीवर पाणी सोडलं. तात्या मात्र पुढे झाले. मधल्या पॅसेजमध्ये त्यांनी पाय उंच उचलून टाकला, कारण तिथे बांध होता. मागून येणाऱ्या ऑडिटरनीही, काय वाटलं कोण जाणे, पाय उंच उचलून टाकला. मग जनरल मॅनेजरनी. मग, दातओठ खात, मॅडमनी. ऑडिटर नाव घेत होते आणि तात्या जराही न चाचरता त्यांना त्या जागी नेऊन उभं करत होते. विहीर आली तेव्हा आमची सगळी वरात भिंतीला पाठ लावून कडेने सरकत गेली. सव्वीसपैकी एकही खोकं चुकलं नाही. अहवालात शेरा आला की यंत्रांच्या जागा ओळखण्याची पद्धत परिणामकारक आहे आणि ती बदलू नये. लेखी शेऱ्यापुढे हेड ऑफिसचंही काही चालत नाही. मॅडमनी त्यानंतर गोठा हा शब्द तोंडाने उच्चारला नाही, पण संक्रांतीला तात्यांना तिळगूळ दिला.

अशी पाच वर्षं गेली. मग कंपनीने जवळच्याच चांदे गावाकडे नवी जागा घेतली. ऑफिस तिकडे जाणार, जुन्या इमारतीचं गोडाऊन होणार, आणि तात्या गोडाऊनवरच राहणार असं ठरलं. गोडाऊनला कॉम्प्युटर नव्हता. मी तात्यांना म्हटलं, काळजी करू नका, सगळी नावं खोक्यांबरोबर जशीच्या तशी तिकडे नेतो. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

खोकी लावायला ते शेवटचे माझ्याबरोबर आले. नव्या हॉलला अजून रंगाचा वास येत होता. परचेसचं खोकं दोन्ही हातांत धरून तात्या मधोमध उभे राहिले आणि ते खाली ठेवेनात.

"ही नावं पुसा, सायब," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तात्या, अहो, मग तुमचं कुठेच काही राहणार नाही."

"न्हाई ऱ्हायलं तर न्हाई. ह्ये दुसऱ्याचं रान हाय. त्याच्या रानात माजी विहीर घातली, तर कंपनीत आन् माज्यात फरक काय ऱ्हायला?"

मग मी बसलो आणि एकेक नाव मोठ्याने वाचून पुसलं. तात्या शेजारी उकिडवे बसून प्रत्येक नावाला मान डोलवत होते. गोठ्याला थोडं हसले. विहिरीला माझा हात थांबला, तेव्हा त्यांनीच "हं" म्हटलं. यादीत सव्वीस रिकाम्या ओळी राहिल्या. मला रडू येत होतं, आणि हे आता लिहायला मला लाज वाटत नाही.

तात्या उठून, खोकं तसंच काखेत धरून, गेटवर गेले आणि तिथल्या वॉचमनला घेऊन आले. साठीचा माणूस, अंगावर दोन मापं मोठा युनिफॉर्म. ही जमीन त्याची होती, हे तात्यांनी सकाळीच आत येताना विचारून घेतलं होतं. मला त्या माणसाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"पाव्हणं, रान तुमचं," तात्या त्याला म्हणाले. "कुटं काय व्हतं ते तुमी सांगा. सायब लिवून घेत्यात."

आधी तो नुसताच ओशाळला, आता काय त्याचं, असं पुटपुटला. मग त्याने टोपी काढली. फरशीकडे बघत चार पावलं डावीकडे गेला, परत एक पाऊल मागे आला, आणि टाचेने जमीन दाबून बघितली.

"हितं जांभूळ व्हतं," तो म्हणाला.

तात्यांनी हातातलं खोकं त्याच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळले. "लिवा, सायब. जांभूळ येक."