तांबोळी सिस्टरांचा हँडओव्हर

तांबोळी सिस्टरांसमोर ‘मला वाटतं’ म्हणायची सोय नव्हती. कुणी तसं वाक्य सुरू केलं की त्या हात वर करून थांबवायच्या. “वाटतं ते घरी ठेवून या. दिसलं काय ते सांगा.” नळ दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, “मला वाटतं वॉशर गेलंय.” सिस्टर म्हणाल्या, “अहो, उघडून बघा ना. मलाही काल तसंच वाटत होतं, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

गंज पेठेत आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या. पांढरी सुती साडी, पांढऱ्या पोलक्याची बाही कोपरापर्यंत आणि मधुमेहामुळे उजव्या तळपायाला झालेली एक जखम, जी काही केल्या भरत नव्हती. अकरावीत असताना आईने मला त्यांच्याकडे डबा घेऊन पाठवलं. त्यांना वाकून ड्रेसिंग करता येत नव्हतं. मी करते म्हटलं, आणि ते काम माझंच झालं.

त्या डोळे मिटून पडायच्या आणि मी जखमेबद्दल सांगायचं. पहिल्या आठवड्यात मी म्हणाले, “आज बरी वाटतेय.” डोळे न उघडता त्या म्हणाल्या, “वाटतेय? जखमेला विचारलंस का?” मग हळूहळू शिकले. कडा लाल आहेत. पाणी कमी आहे. वास नाही. माझ्या आयुष्यात कुणी माझं बोलणं इतकं नीट ऐकलं नव्हतं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. बाबा रिक्षा चालवतात, स्वारगेटच्या स्टँडवर. आई दोन घरी पोळ्या करते. त्यामुळे मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मी पास झाले एवढ्यावरच गल्लीतल्या मंडळाने चौकात फ्लेक्स लावला. माझा पासपोर्ट फोटो दाराएवढा केलेला, खाली ‘आपल्या गल्लीतली पहिली डॉक्टर’. खरं तर माझे मार्क एमबीबीएसला पुरणारे नव्हते, पण हे फ्लेक्सला कोण सांगणार? सिस्टर काठी टेकत चौकापर्यंत आल्या आणि त्यांनी तो शांतपणे वाचला. “खाली मंडळातल्या ज्यांचे फोटो आहेत त्या सगळ्यांना ‘भावी नगरसेवक’ लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “आणि हिला मात्र थेट डॉक्टर करून टाकली. उद्यापासून दवाखाना उघडायचा का हिने?”

मी हसले, पण त्या फ्लेक्सखालून जाताना मान खाली घालायला लागले. भाजीवाली ‘काय डॉक्टर’ म्हणायची. आत्या फोनवर ‘आमची डॉक्टर’ म्हणायची. कुणी वाईट वागत नव्हतं, हीच अडचण होती. ओरडायला कुणी समोर नव्हतं.

मग दोन जागा लागल्या. एक नागपूरला, सरकारी डेंटल. दुसरी लोणी काळभोरच्या पुढे, खासगी आयुर्वेद कॉलेजात. घरून बसने जाता-येता येईल अशी. मूळ कागदपत्रं एकाच ठिकाणी जमा करता येतात. एकीकडे गेलं की दुसरीकडचं दार बंद. मुदत जवळ आली होती. बाबा म्हणत, “लोणी घे. घरात राहशील. शेवटी दोन्हीकडे डॉक्टरच ना?” आत्या म्हणाली, “दातांचा डॉक्टर म्हणजे काय डॉक्टर? आणि एकटी पोरगी नागपूरला?” आई काही म्हणत नव्हती. मी रोज संध्याकाळी खाली जाऊन पट्टी बदलत होते आणि मनात एकच यायचं, मी गेले तर हे कोण करणार? सिस्टरांनी ते कधी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मला राहायला एक चांगलं कारण मिळालं असतं.

शेवटी बाबाच आईला आणि मला घेऊन सिस्टरांकडे गेले. “सिस्टर, तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकते ती.”

“बसू नका,” सिस्टर म्हणाल्या. “हँडओव्हर उभ्यानेच होतो.”

बाबांना कळेना. मग त्यांनी सांगितलं, की वॉर्डात ड्यूटी बदलताना जाणारी नर्स आणि येणारी नर्स पेशंटच्या कॉटपाशी उभ्या राहतात. जाणारीने जे पाहिलं ते सांगायचं, पेशंटच्या देखत. सल्ला नाही, मत नाही. “ही पेशंट,” माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. “सांगा.”

“मला वाटतं—”

सिस्टरांचा हात वर गेला.

बाबा घुटमळले. मग हळू बोलू लागले. “कागदांची फाईल उशाशी घेऊन झोपते. माझ्याशी बोलत नाही. परवा रिक्षात बसली होती, तर चौक आल्यावर म्हणाली, बाबा, मागच्या रस्त्याने घ्या.”

“का?”

“ते... फ्लेक्स आहे ना तिथे.” बोलता बोलता ते थांबले. ते त्यांना आत्ताच दिसलं होतं.

आई म्हणाली, “भाकरी मोडते, खात नाही. खालून कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की खिडकी लावते.” ती हे सगळं पाहत होती, हे मला माहीतच नव्हतं.

“आता दुसरी पेशंट,” सिस्टर म्हणाल्या. “मी. जखम भरत नाही, भरेल असं दिसतही नाही. ड्रेसिंग कुणालाही शिकवता येतं. ही जखम या पोरीच्या नावावर लिहायची नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “कोमल, तुला काय वाटतं?”

मला वाटलं, चूक पकडतायत. “दिसलं ते सांगू?”

“ते यांनी सांगितलं. वाटतं ते सांग.”

मी म्हणाले, “कुठलं कॉलेज चांगलं ते मला कळत नाही. पण मला इथून जायचंय.”

“आमच्यापासून?” बाबांनी विचारलं. आवाज अगदी लहान होता.

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “उत्तर देऊ नकोस. हँडओव्हर संपला. आता रिक्षावाले, तुम्ही हात धुवून या. पट्टी कशी बांधतात ते बघून घ्या.”

बाबा खरंच शिकले. मी नागपूरला आले. सुटका झाली असं मात्र म्हणता येत नाही. होस्टेलच्या खोलीत संध्याकाळ झाली की हातांना काय करावं ते कळायचं नाही. दुसऱ्या वर्षी सिस्टरांचा पाय गुडघ्याखालून काढला. ते मला उशिरा कळलं. मी फोनवर रडत म्हणाले, “मी येते. हे सोडते, पुण्यातच काहीतरी बघते.”

“कशाला?” त्या म्हणाल्या. “तू दातांची. माझा त्रास पायाचा होता, आणि तो पाय आता गेला. अभ्यास कर.” फोन त्यांनीच ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. माझी परीक्षा चालू होती. बाबांनी खांदा दिला आणि दफन झाल्यावर मला फोन केला. परीक्षा असेल तर आधी कळवायचं नाही, असं त्या बजावून गेल्या होत्या. मी बाबांवर खूप चिडले. ते ऐकून घेत राहिले.

लोणीचं कॉलेज घेतलं असतं तर त्या दिवशी मी दुपारच्या बसने घरी पोचले असते. त्यांचं तोंड पाहायला मिळालं असतं. तरीही आज कुणी ती दोन कॉलेजं पुन्हा समोर ठेवली, तर मी नागपूरच घेईन. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.