ओंडक्यावरचे केस

"आई, केस कापू दे म्हणतोय, मुंडकं नाही."

"आधी केस म्हणायचं, मग मुंडकं मागायचं. तुझा बापही असाच गिऱ्हाइकं गुंडाळायचा," खाटेवरची म्हातारी म्हणाली आणि वेणी छातीशी धरून बसली.

न्हावी हसला नाही. तीन वर्षांपासून आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जेवली की विसरायची, सुनेला मावशी म्हणायची. कमरेपर्यंतचे पांढरे केस आपले आहेत, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. ते विंचरण्यात सुनेचा रोज तास मोडायचा, आणि हल्ली कंगवा लागला की म्हातारी चावायची.

"अहो, एकदा काय ते उरका," बायको म्हणाली.

"सकाळी दुकान उघडायच्या आधी कापतो," तो म्हातारीच्या देखत बोलून गेला. तिथंच चुकलं.

उजाडता उजाडता बघतो तर खाट रिकामी, दार सताड उघडं, चपला उंबऱ्याशी.

हा गडी तसा सहजासहजी हलणारा नव्हे. डोक्यात बोटं घातली की कुणाला ताप येऊन गेलाय, कुणाची झोप उडालीय, हे त्याला कळायचं. मेलेल्याची दाढी करून आला तरी हात धुऊन पोटभर जेवायचा. पण बाहेर हाडं फोडणारा गारठा आणि आई अनवाणी, म्हटल्यावर तो तसाच धावत सुटला.

दव गोठून गवत पांढरं झालं होतं. त्यावर पावलांचे काळे ठसे घरामागून थेट झाडीत गेले होते.

आत वारा नव्हता. एक पाखरू बोलत नव्हतं. पाचोळ्यात त्याला केस दिसले. पांढरेशुभ्र, रेशमासारखे, मधोमध भांग, टोकं जराशी वळलेली. कुणी पालथं पडावं तसे.

"आई," म्हणत तो गुडघ्यावर बसला आणि सवयीनं त्यानं केसांत बोटं घातली. केस नाहीसे झाले. बोटं तेवढी ओली राहिली, आणि खाली कुजका ओंडका.

बर्फ होता तो. रात्रीच्या ओल्या गारठ्यात लाकडातून एकेक तार बाहेर आली होती. त्यानं मान वर केली. पडलेल्या प्रत्येक फांदीला केस फुटले होते. वीस-पंचवीस म्हाताऱ्या तोंडं लपवून निजल्यात जशा. इतके देखणे केस त्यानं तीस वर्षांत पाहिले नव्हते, आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

"हात काढ तिच्या डोक्यातून."

आई मागं झाडाच्या मुळावर बसली होती. पाय निळे, वेणी सोडलेली.

"इथं काय करतेस तू?"

"तू कोण?"

"तुझा मुलगा."

"माझा मुलगा कात्री घेऊन फिरतो. हात दाखव." त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. "हं. पाणी केलंस तिचं," ती म्हणाली. "यांनीच हाक मारली मला. म्हणाल्या, आमच्यात ये, आमच्याकडं कुणी कापत नाही. ऊन यायच्या आत सांगायचंय, येते की नाही."

"मग काय सांगणार?"

"तू काय म्हणतोस त्यावर आहे."

"नाही कापणार. चल घरी."

"शपथ?"

"बापाच्या वस्तऱ्याची."

म्हातारी शेजारच्या ओंडक्याकडं वाकली. "ऐकलंत ना?" वारा नव्हता, तरी त्यावरची एक बट हलली. म्हातारीच्या श्वासानं हलली असेल. न्हाव्यानं ते तिथंच सोडलं आणि आईला पाठुंगळीला घेतलं. तिचे सुटे केस मानेवर घासत होते, गार. घर येईपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

म्हातारी पुढं चार हिवाळे जगली, केसांसकट. विंचरायचं काम न्हाव्यानंच अंगावर घेतलं. त्याला ती एकदाच चावली. कडाक्याच्या सकाळी तो पुष्कळदा झाडीत जाऊन आला, तसे केस पुन्हा दिसले नाहीत. अजूनही एखादं पांढरं डोकं हाताखाली आलं की बोटं आधी क्षणभर थांबतात.

आईला झाडीतून आणलं त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. शाळेतले मास्तर पायरीवर कुडकुडत होते.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं?"

"आई हरवली होती."

"सापडली का?"

"सापडली."

मास्तर खुर्चीत बसले. न्हाव्यानं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, तळवे मांडीवर खसाखसा घासून गरम केले आणि कात्री उचलली.

"मान खाली घ्या, मास्तर."