गुरुवारी केलेली डिस्कची वाटणी

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, तोही मुलाचा. चिखलीत त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांना जे पार्ट करून द्यायचे, त्यांची सगळी ड्रॉइंगं त्या कॉम्प्युटरमध्ये. ड्रॉइंग नाही तर काम नाही, एवढं चौथी शिकलेल्या मलाही कळतं.

सुनेने कसला तरी क्लास लावला आणि तिला कॉम्प्युटरमध्ये विंडोजऐवजी लिनक्स पाहिजे झालं. मुलगा म्हणाला, विंडोज काढायचं नाही, माझी ड्रॉइंगं त्यातच उघडतात. मग सुनेने तोड काढली. डिस्कची जागा वाटायची, एका भागात त्याचं विंडोज, दुसऱ्यात तिचं लिनक्स. मला पटलं. आमच्या घराचीही वाटणी झालेली आहेच. भिंतीपलीकडे धाकटी जाऊ राहते. नळावरून भांडण झाल्यापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

दिवस ठरला गुरुवार, कारण वर्कशॉपला सुट्टी त्याच दिवशी. आता, गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. मी दळण बुधवारी आणते. सून वाटण आदल्या दिवशीच करून ठेवते. मुलगा उठल्याबरोबर पाण्याची मोटर लावतो. इतके हुशार आम्ही, पण कॉम्प्युटरही लाईटवर चालतो हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

“आधी ड्रॉइंगं दुसरीकडे काढून ठेवते,” सून म्हणाली.

“कशाला? पुसणार नाहीस ना? मग कर पटकन,” म्हणून मुलगा सोफ्यावर आडवा झाला.

तिने काम सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने भरत होती. ती निम्मी झाली नाही तोच पंखा थांबला आणि टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करायला लागला.

मुलगा ताडकन उठला. “मध्येच बंद पडलं तर?”

“तर डिस्कवरचं सगळं जाईल.”

“माझी ड्रॉइंगं?”

“तुमचीच. दुसरं आहे काय त्यात?”

“अगं मग थांबव!”

“थांबवलं तरी जातील.”

मुलाने यूपीएसवर हात ठेवला, ताप बघतात तसा. “हा किती टिकेल?”

“त्याची बॅटरी जुनी झालीय. बदलू म्हटलं तर तुम्हीच नको म्हणालात.”

दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. भिंतीपलीकडे मात्र पंखा फिरत होता. जावेचा मुलगा माणच्या एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, घरून काम करतो, म्हणून त्यांच्याकडे इन्व्हर्टर. मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने माझ्याकडे.

“आई, तुम्हीच विचारा. भांडण तुमचं आहे.”

मी खिडकीतून हाक मारली. “अगं ए, हायेस का घरात?”

“कोन, जाऊबाई? आज तोंड उघडलं व्हय?”

“वायर टाकते. तुझ्या इन्व्हर्टरला लाव.”

“पंख्याला पायजे?”

“पंख्यासाठी तुला हाक मारली असती का? कॉम्प्युटर मरायला टेकलाय.”

“मग नीट म्हना. लाव गं बाई, असं म्हना.”

यूपीएस आता श्वास न घेता ओरडत होता. मुलाने मला हात जोडले.

“लाव गं बाई.”

“न्हाई आलं ऐकू.”

“लाव गं बाई! बहिरी झालीस काय?”

“आता आलं.”

वायर आखूड पडली. तिने मिक्सरसाठी ठेवलेली एक्स्टेन्शनची वायर जोडून दिली. यूपीएस गप्प झाला. मागोमाग जाऊ आमच्याकडे आली, खुर्ची ओढली आणि पट्टीसमोर बसली.

“हे काय चाललंय?”

“जागा वाटतायत,” मी म्हटलं.

“सुनेला निम्मी दिली का?”

“नाही काकू, मला थोडीशीच,” सून म्हणाली.

“व्हय, मोठा वाटा आपल्याकडं ठेवायची सवयच हाय या घराला.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण लाईट तिची होती.

शेवटी पट्टी भरली. सुनेने विंडोज चालू केलं. मुलगा एकेक ड्रॉइंग उघडत गेला. आम्ही तिघी त्याच्या मागे उभ्या. शेवटचं उघडलं तेव्हा तो म्हणाला, “सगळी आहेत.”

“मग आता लिनक्स घालते,” सून म्हणाली.

“हात लावू नकोस! आधी सगळी ड्रॉइंगं दुसरीकडे घे.”

तिने पेनड्राइव्ह लावून ती घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर दुसरी पट्टी आली, तीही तशीच मुंगीच्या पावलाने.

“म्हंजे माझी वायर अजून लागनार,” जाऊ म्हणाली. “च्या टाका, जाऊबाई.”

टाकला. साखर मात्र कमी घातली.