बांधावरच्या चपला

नांगराच्या रुमण्यावर कुणाचा हात चालेल, हे बैल ठरवतो, जमीन ठरवते, की तुम्ही? विचार करून उत्तर द्या. आमच्या गावात ह्या उत्तरापायी एक माणूस मोडला.

अख्ख्या जोयडा तालुक्यात आमच्या शेजारच्या काकांइतका पक्का पुरुष मी पाहिलेला नाही. जन्मताना सुईणीनं मुलगी झाली म्हणून सांगितलं, पण काकांच्या मते तो सुईणीच्या घाईचा परिणाम. "दिवा न्हवता गं, अंधारात चुकते एखादी," असं म्हणून ते तिला कधीच माफ करून मोकळे झाले होते. चौकड्याची लुंगी, कानामागं बिडी (ओढत नसत, नुसती ठेवत), आणि नसलेल्या मिशीवरून बोट फिरवायची सवय. चपला तर पायापेक्षा चांगल्या मोठ्या. काका वळणावर असतानाच चपला आमच्या अंगणात पोचलेल्या असायच्या. उळवीच्या जत्रेत ते पुरुषांच्या रांगेत उभे राहिले, तर पुरुषांनी बायकांकडं पिटाळलं, आणि बायका ओरडल्या, "ओ भाऊ, हिकडं कुठं घुसताय?" काका परत आले ते खुशीत. "पुरुषांस्नी कळलं न्हाई, पर बायकांस्नी कळलं बघ!"

मी बेळगावला शिकायला होते आणि सुट्टीला येताना पिशवीभर पत्रकं घेऊन यायचे. त्यांतले शब्द काकांना भारी आवडायचे. लिंग म्हणजे शरीराचं, आणि लिंगभाव म्हणजे त्या शरीराला समाजानं नेमून दिलेली कामं, कपडे, चालणं-बोलणं, असं मी एकदा समजावलं, तर ते आपल्या बैलाकडं बघत म्हणाले, "ह्याला लिंगभाव न्हाई. कुनी सांगितलंच न्हाई त्याला. म्हनून सुखी हाय." ट्रान्स पुरुष हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला आणि नवा सदरा मापाला बसावा तसे हसले. जन्मताना सांगितलेलं ज्याला आयुष्यभर पटतं तो सिसजेंडर, हे ऐकून मात्र त्यांना दया आली. "म्हंजे दुसरं काय सुचलंच न्हाई बिचाऱ्याला!" दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी गावच्या थोरल्या पंचांना हाक दिली, "काय सिसजेंडर, च्या झाला काय?" पंचांना तो सरकारी हुद्दा वाटला. ते ताठ बसले आणि काकांना त्यांनी स्वतःच्या हातानं कप दिला.

पण काकांचं खरं वेड म्हणजे नांगर. बाईनं नांगर धरायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. तरी ज्या घरात धरायला गडी नसे, त्या घरची नांगरट काकाच करत. मजुरी म्हणून भाताबरोबर सुकी मासळी मिळाली की खूष. ती जेवणं वाढताना कुणालाच काकांच्यात बाई दिसली नाही. गावाची अडचण भागत होती, तोवर गावाचे डोळे अधू होते.

मग एका हंगामात गवे उतरले आणि उभं भात तुडवून गेले. गव्यांची रानातली वाट कुणी अडवली, हे विचारायचं धाडस कुणात नव्हतं. देवाला कौल लावला. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडली की 'हो' समजायचं. पंचांनी प्रश्न घातला, "बाईनं नांगराला हात लावला, म्हनून ह्यो कोप झाला काय?" उजवी पाकळी पडली. एवढा एकच प्रश्न. देवाला दुसरं काही सांगायचं असेल तर त्यानं ते कशानं सांगावं?

ठरलं असं की काकांनी साडी नेसून, बांगड्या भरून देवापुढं माफी मागायची, आणि पुढं नांगर सोडून बायकांच्या ओळीत भाताची लावणी करायची. काका म्हणाले, "गाव सोडीन, पर साडी न्हाई." तेव्हा पंच शांतपणे म्हणाले, "तू जा. पर अंथरुणाला खिळलेली आई हाय तुजी. उद्या तिच्या तिरडीला गावातला एकबी खांदा मिळनार न्हाई. बघ." मी तिथंच भांडले. कायदा सांगितला, कोर्टाचं नाव घेतलं. काकांनी माझा हात धरून बाजूला नेलं. "पोरी, तुजे शब्द खरे हायत. पर तिला उचलाया चार मानसं लागत्यात."

त्यांनी साडी नेसली. पत्रकांत मी चौकट हा शब्द कितीदा वाचला होता. तिला हिरवे काठ असतात हे त्या दिवशी दिसलं. माफी मागून काका घरी गेले, मी मागोमाग होते. म्हातारीला आता धड आठवत नाही, दिसतंही कमी. तिनं साडीकडं पाहून विचारलं, "कोन बाई आलीय? बस बाई. माजा लेक शेताकडं गेलाय, येईल आत्ता."

काका बसले. मिशीवर जाणारं बोट अर्ध्यात थांबलं. "व्हय," ते म्हणाले, "येईल की."

म्हातारी अजून आहे. काका लावणीच्या ओळीत शेवटी असतात, कमरेत वाकलेले. गाव आता त्यांना 'मावशी' म्हणतं, ते ओ देत नाहीत. गंमत करणं त्यांनी सोडलंय, परवा मी एक नवा शब्द सांगायला गेले, तर म्हणाले, "ठेव तुज्यापाशी. मागंनं घेईन." गावानं त्यांची लुंगी घेतली, नांगर घेतला, पण चपलांचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या तेवढ्या राहिल्या.

तुम्ही गुंद गावाच्या वाटेनं आमच्याकडं आलात तर लावणीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या शेतांवर नजर ठेवा. एका बांधावर पायापेक्षा मोठ्या पुरुषी चपला काढून ठेवलेल्या दिसतील. तिथं गाडी थांबवा, खाली उतरा आणि हाक मारा. हळू नको. ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे, तुमच्यासारखे परकेसुद्धा त्यांना काय म्हणतात ते. "काका!" म्हणा. आणि त्यांची पाठ सरळ होईपर्यंत थांबा.