पाळीवरची मीटिंग

बोदलकसा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मी रोज सकाळी मासे घ्यायला जायचो. तिथे एक बाई छत्री लावून लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीचं काम करायची, कारण तिच्या गावात नेटवर्क नव्हतं. मीटिंग सुरू झाली की ती नुसता हात वर करायची. ओरडून माशांचे भाव सांगणारे ढीवर तिथल्या तिथे गप्प व्हायचे. मला आधी राग आला. मग मीही किलो बोटांवर दाखवू लागलो.

कंपनीने बढती देऊन तिला पुण्याला बोलावलं, तेव्हा ती नाही म्हणाली.

मी विचारलं, "काऊन?"

"तिथं नेटवर्क बहुत हाये. पण मी हात वर केला त कोन चूप बसते?"

मला उत्तर सुचलं होतं, पण तेवढ्यात तिचा हात वर गेला.